खाटेचं भाडं साक्षीतूनही घेऊ नका

ताई, प्रभूमध्ये सलाम. माझं वय 41. तरुणपणापासून दारू प्यायलो, गेली पाच वर्षं प्रभूच्या कृपेनं थेंबही घेतलेला नाही. धाकटा भाऊ मात्र गर्दच्या पायी गेला. त्याच्यासाठी आम्ही जी केंद्रं पाहिली त्यांची फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हाच ठरवलं, की पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवणार नाही असं एक ख्रिस्ती घर काढायचं. आता मंडळीतल्या एका वृद्ध बहिणीनं आपलं रिकामं घर देऊ केलं आहे. दुमजली आहे, वीस जण सहज राहतील. नोकरी सोडून यात उतरावं असं वाटतं. निधी कुणाकडे मागायचा नाही, जॉर्ज म्यूलर यांच्यासारखं विश्वासानं चालायचं असं मनात आहे. आमचे पाळक म्हणतात, गोळ्या-औषधं नकोत, प्रार्थना आणि उपास पुरेत, हाँगकाँगला जॅकी पुलिंजर यांनी तेच केलं. बायकोचा विरोध नाही, पण तिनं एकच विचारलं, "रात्री कुणी पिऊन दारात आला तर उघडणार का?" मला उत्तर सुचलं नाही. सुरुवात कुठून करू?

*

भाऊ, सलाम.

तुमच्या धाकट्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. फी भरता आली नाही म्हणून आपलं माणूस दारातून परत आणावं लागणं ज्यानं भोगलंय, त्याला मोफत घराची निकड वेगळी सांगावी लागत नाही. घर काढाच. पण वीस खाटांचं नको, नोकरी लगेच सोडून नको, आणि पाळक म्हणतात त्या पद्धतीनं तर मुळीच नको.

आधी औषधांचं बोलते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. खरा धोका त्यानंतरचा, शेवटच्या घोटापासून साधारण 48 ते 96 तासांतला. संध्याकाळी नीट बोलत असलेला माणूस रात्री चादरीवरून नसलेले किडे वेचायला लागतो. आपण कुठं आहोत ते त्याला उमगत नाही. अंग तापतं, छाती धडधडते, कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणून तो ओरडतो, धरायला गेलेल्याला ढकलून देतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावतो. न कळणाऱ्याला हा सैतानाचा पगडा वाटेल. घरातले चार जण त्याच्याभोवती उभे राहून मोठमोठ्यानं प्रार्थना करतील, आणि त्याच वेळी त्याला गरज असेल ती रुग्णालयातल्या खाटेची, डायझेपामच्या जातीच्या औषधाची आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या थायमिनची. थायमिन म्हणजे साधं बी-1 जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या अंगात त्याचा तुटवडा असतो आणि ते वेळेत मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा माणसाला वर उपास घडवणं किती भयंकर आहे, हे पाळकांना शांतपणे समजावून सांगा.

पुलिंजरबाईंचा दाखला पाळक देतात, तोही नीट पाहू. त्या 1966 मध्ये हाँगकाँगला गेल्या आणि कौलूनच्या तटबंदीच्या वस्तीत त्यांनी काम केलं, ते प्रामुख्यानं अफू-हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्यांमध्ये. हेरॉइन तुटताना माणूस तळमळतो, हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब होतात, झोप उडते. पण तो एरवी धडधाकट असेल आणि अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही, तर सहसा त्यात जात नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या तुटताना मात्र जाऊ शकतो. म्हणून तिथला अनुभव उचलून तुमच्याकडे येणाऱ्या दारुड्या माणसाला लावता येत नाही. शिवाय त्या बाईंनी नुसती प्रार्थना करून माणसं परत रस्त्यावर सोडली नाहीत. त्यांना राहायला घरं उभी केली. हा भाग सांगताना लोक विसरतात.

गर्दचा, म्हणजे हेरॉइनचा, जीवघेणा काळ वेगळा असतो. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जपून लिहिते. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते. मग बाहेर पडून माणूस जुन्या मापानं घेतो आणि तेवढ्यानं त्याचा श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यांत घातक. तुमच्या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे. असं सांगितल्यानं तो पुन्हा घेईल, ही भीती बाळगू नका. अतिमात्रेवर उतारा म्हणून नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे. तुमच्याकडे ते कसं मिळतं याची चौकशी करून घरात ठेवा आणि ते वापरायला सगळ्यांनी शिका.

गर्द-अफूची तलफ आवरायला डॉक्टर देतात ती मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तरीही ती घेणाऱ्याला 'हा अजून व्यसनातच आहे' असं म्हणून दारातच गोळ्या टाकून द्यायला लावणारी ख्रिस्ती घरं आहेत. तुमचं घर तसलं नसावं, एवढीच माझी कळकळीची विनंती. औषध देवानं दिलेल्या बुद्धीतूनच आलंय.

तेव्हा पहिलं काम इमारत रंगवण्याचं नाही. जवळच्या रुग्णालयात जा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि विचारा, की डिटॉक्स, म्हणजे अंगातली नशा उतरवण्याचे उपचार, तुमच्याकडे झाल्यावर ही माणसं आम्ही ठेवून घेतली तर तुम्ही आठवड्यातून एकदा येऊन पाहाल का, आणि रात्री-अपरात्री आम्ही कुणाला घेऊन आलो तर दाखल कराल का. तुमचं घर डिटॉक्सनंतरचं असावं. दारू तोडायचे पहिले दिवस तुमच्या छपराखाली घडू देऊ नका.

आता मोफतचं.

म्यूलर यांचं नाव तुम्ही घेतलंत ते चांगलं झालं. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं त्यांनी सांभाळली आणि कुणापुढे हात पसरला नाही, हे खरं. त्याचबरोबर त्यांनी दिडकीचाही हिशेब ठेवला, तो दरवर्षी छापून लोकांसमोर मांडला, आणि उधारीवर काही आणलं नाही. 1836 मध्ये सुरुवात केली ती भाड्याच्या घरात. स्वतः बांधलेल्या इमारतीत मुलं राहायला गेली 1849 मध्ये. विश्वासानं चालायचं तर हेही सगळं घ्यायला हवं.

एका खाटेचा एका महिन्याचा खर्च काढा. धान्य, भाजी, गॅस, वीज, औषधं, रुग्णालयाच्या फेऱ्या, रात्रपाळीच्या माणसाचा पगार. त्याला खाटांनी गुणा, मग सहा महिन्यांनी गुणा. एवढी रक्कम बँकेत जमल्याशिवाय पहिला माणूस आत घेऊ नका. चौथ्या महिन्यात पैसे संपले म्हणून अर्धवट सुधारलेल्या माणसाला घरी पाठवणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. एका बड्या देणगीदारापेक्षा दरमहा थोडं थोडं, पण न चुकता देणारी पन्नास घरं बरी. बडा देणगीदार रुसला की चूल थंड पडते, आणि तो रुसू नये म्हणून आपण नको त्या गोष्टींना मान डोलवायला लागतो. खातं तुमच्या एकट्याच्या नावावर नको. दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत आणि त्यातली एक सही तुमच्या नात्यातल्या माणसाची नसावी.

शोमरोन्याचा दाखला तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. जखमी माणसाला त्यानं उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले आणि आणखी लागेल ते परत आल्यावर भरीन म्हणाला. जखमीकडून काही घेतलं नाही, पण उतारशाळेवाल्याला फुकट राबवलंही नाही. तुमच्या घरात रात्री जागणाऱ्या माणसाला 'ही सेवा आहे' म्हणून बिनपगारी ठेवायचा मोह होईल. तो आवरा.

भाऊ, मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. पैसे न घेणारी घरं पुष्कळदा दुसऱ्याच रूपात भाडं वसूल करतात आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. आलेला माणूस इतका लाचार असतो की तो नाही म्हणत नाही.

देणगीदार घर पाहायला यायचे असतात. हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, पेटी येते, गाणी होतात. मग दहा दिवसांपूर्वी आलेल्या पोराला पुढे उभं करून माइक हातात देतात. त्याचा हात अजून थरथरतोय, म्हणून तो माइक दोन्ही हातांनी धरतो. आईचे दागिने कसे विकले, बायकोला कसं मारलं, हे तो अनोळखी लोकांपुढे सांगतो आणि शेवटी 'आता मी पूर्ण मुक्त आहे' म्हणतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात. तो मुक्त नाहीये, त्याला फक्त दहा दिवस झालेत. पुढे पाय घसरला तर त्याला परत यायला तोंड राहत नाही, कारण त्याच्या मुक्तीची साक्ष सगळ्यांनी ऐकलेली असते आणि तिच्यावर पैसेही गोळा झालेले असतात.

साक्ष देणं वाईट नाही. तुम्ही स्वतः देत असाल, जरूर द्या. पण घरात राहणाऱ्या कुणाचीही साक्ष देणगीसाठी वापरायची नाही, फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाव पत्रकात छापायचं नाही, हे नियमांत लिहून ठेवा. घर सोडून वर्ष झाल्यावर कुणाला आपणहून बोलावंसं वाटलं तर तो बोलेल.

बाप्तिस्म्याचंही तेच. सकाळी प्रार्थना असते, संध्याकाळी शास्त्रवाचन असतं, हे घर ख्रिस्ती आहे, असं प्रवेशाच्या वेळी मोकळेपणानं सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण जो बसणार नाही त्याची खाट, जेवण, औषध यातलं काहीही कमी होता कामा नये. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परतला एकच. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतल्याचं शुभवर्तमानात कुठंही नाही. आपला धर्म आणि नाव जसंच्या तसं ठेवून कुणी तुमच्याकडे सहा महिने राहिला आणि शुद्धीवर येऊन आपल्या लेकरांकडे परत गेला, तर तुमचं काम झालं असं तुम्हाला मनापासून वाटेल का? या प्रश्नाचं उत्तर घर उघडण्याआधी स्वतःशी आणि पाळकांशी बोलून घ्या.

श्रमाबद्दल माझं मत सगळ्यांना पटणार नाही. स्वयंपाक, झाडलोट, बाग ही कामं सगळ्यांनी वाटून करावीत, त्यानं दिवसाला वळण लागतं. पण राहणाऱ्यांना घेऊन सुतारकाम किंवा बेकरी काढायची आणि त्या विक्रीवर घर चालवायचं, हे नव्या घरानं करू नये. स्पेनमध्ये सुरू झालेल्या बेतेलसारख्या मोफत ख्रिस्ती घरांनी या वाटेनं आपला खर्च भागवला आहे, हे मला ठाऊक आहे. पण तशी शिस्त आणि पारदर्शकता यायला वर्षं लागतात. तोवर काय होतं, तर जो उत्तम काम करतो तो बरा झाला तरी घराला त्याला सोडवत नाही, आणि ज्याच्या अंगात ताकद नाही तो नकोसा होतो.

कुलपांचंही सांगते. 2012 च्या जानेवारीत पेरूची राजधानी लिमा इथं एका ख्रिस्ती नावाच्या व्यसनमुक्ती केंद्राला आग लागली. दारं बाहेरून बंद, खिडक्यांना गज. पंचवीसहून जास्त माणसं आत जळून, गुदमरून मेली. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून ती कुलपं होती. तुमच्या घरात आतून न उघडणारं एकही दार नको. जायचं असेल त्याला जाऊ द्या, घरच्यांना फोन करा, परत यायचा रस्ता सांगा. बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं, फोन तोडणं यातलं काहीही 'शिस्त' या नावाखाली खपवून घेऊ नका, आणि तक्रार करायला घराबाहेरच्या एखाद्या माणसाचा नंबर भिंतीवर लावा. व्यसनमुक्तीच्या घराला बहुतेक ठिकाणी नोंदणी आणि परवाना लागतो, अग्निशमनाची तपासणी लागते. प्रभूचं काम आहे म्हणून त्यातून सूट मागू नका.

तुमच्या पत्नीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. दार उघडायचं का? उघडायचं. पण पिऊन आलेल्याला आतल्या माणसांमध्ये झोपवायचं नाही. दहा दिवसांपूर्वी सुटलेल्याच्या शेजारच्या खाटेवर दारूचा वास येणं म्हणजे त्याचीही परीक्षा. दाराशी एक वेगळी खोली ठेवा. रात्रपाळीला दोघं असावेत. आलेल्याला कुशीवर निजवायचं, श्वासावर लक्ष ठेवायचं, हाक मारून जागा होत नसेल तर थेट रुग्णालय. बोलणं सकाळी, उपदेश तर मुळीच नाही. मग रुग्णालयाच्या वाटेनं पुन्हा प्रवेश, रांगेतल्या इतरांसारखाच. अमेरिकेची राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्था सांगते की उपचारांनंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण 40 ते 60 टक्के असतं, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये दुखणं उलटण्याचं प्रमाणही त्याच्याच आसपास आहे. म्हणजे दारात परत येणारा हा अपवाद नाही, त्याची सोय आधीच हवी. तीन महिन्यांहून कमी मुक्कामाचा फारसा उपयोग होत नाही, असंही तीच संस्था म्हणते. त्यामुळे खाटा कमी ठेवा आणि मुक्काम लांब.

पण पत्नीच्या प्रश्नामागे मला दुसराही एक प्रश्न दिसतो. 'आपलं घर आणि ते घर एकच होणार का?' तिनं तो विचारला नसेल, तर तुम्ही तिला विचारा. मुलाबाळांसह त्याच इमारतीत राहायला जाऊ नका. तुमचे फोन बंद राहतील अशी आठवड्यातली एक रात्र आणि एक दिवस तिच्या हाती द्या. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या सभा 1951 पासून चालतात. तुमच्या पिण्याच्या वर्षांत तिनं काय सोसलं, ते बोलायला तिला कुणी मिळालं होतं का?

आणि तुमचंही. 1935 मध्ये बिल विल्सन नावाचे, नुकतीच दारू सोडलेले अमेरिकी गृहस्थ धंद्याच्या कामासाठी ॲक्रन शहरात गेले होते. सौदा फिसकटला, पिण्याची तलफ उठली, तेव्हा त्यांनी बोलायला दुसरा दारुडा शोधला. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट, उभे राहिले. दुसऱ्याला सावरताना आपण सावरतो, हे तुम्हाला अनुभवानं माहीत असेल. पण घराचे प्रमुख झाल्यावर 'मला आज प्यावंसं वाटतंय' हे सांगायला जागाच उरत नाही, कारण सगळे तुमच्याकडे आदर्श म्हणून पाहतात. म्हणून तुमचा असा गट असेल तर तो सोडू नका. ज्याच्यापुढे तुम्ही प्रमुख नाही असा एक माणूस ठेवा, आणि तो तुमच्या विश्वस्तांपैकी नसावा.

विश्वस्त पाच-सहा पुरेत, पण तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकतील असे. त्यांत एक डॉक्टर, एक हिशेब कळणारा, निदान दोन बायका, आणि एक जण तरी तुमच्या मंडळीबाहेरचा असू द्या. त्या वृद्ध बहिणीकडून घर तोंडी घेऊ नका. निदान दहा वर्षांचा नोंदणीकृत करार करा आणि त्यावर त्यांच्या वारसांच्याही सह्या घ्या. नाहीतर त्या गेल्यावर सामान रस्त्यावर यायचं. सुरुवातीला खालचा मजला, पाच खाटा, फक्त पुरुष. स्त्रियांना अशा घराची गरज कमी नाही, पण त्यांचं घर वेगळं हवं, चालवणाऱ्या बायका हव्यात आणि लेकरांची सोय हवी. ते पुढे.

नोकरी एवढ्यात सोडू नका. वर्षभर सुट्टीच्या दिवशी एखाद्या चालत्या घरात जा. भाषण द्यायला नाही. भांडी घासा, रात्रपाळीला बसा, त्यांचा प्रवेशाचा फॉर्म आणि औषधांची वही पाहा. तिथून बाहेर पडलेल्यांना, विशेषतः मध्येच सोडून गेलेल्यांना भेटा आणि का सोडलं ते विचारा. त्या वर्षात करार होईल, नोंदणी होईल, सहा महिन्यांची रक्कम जमते की नाही तेही कळेल. आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीला पाळकांना सोबत घेऊन जा. दारू तुटताना काय होतं ते त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. जमलं तर त्या वॉर्डात एक रात्र दोघांनी मिळून काढायची परवानगी मागा.